दृढीकरणाच्या आधी मुलांना द्यायचं वडिलांचं पत्र: काय लिहावं, काय टाळावं

तलावपाळी_धर्मशिक्षक

दृढीकरण म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा, मुलाने आपला विश्वास स्वतः कबूल करायचा चर्चमधला संस्कार. त्याआधीच्या रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थना-चिंतनाच्या शिबिरात, दुपारचा एक तास आईवडिलांच्या पत्रांचा असतो. पाकिटं वाटली की मुलं पायरीवर, झाडाखाली, बाकाच्या टोकाला जागा धरून वाचत बसतात. आईचं पत्र तीन पानं भरून येतं. वडिलांचं आलंच तर चार ओळी: नीट अभ्यास कर, मोबाइल कमी कर, देवाला विसरू नकोस, तुझे पप्पा. पाकिटं आम्ही उघडत नाही, पण बरेच वडील कच्चा मसुदा आधी दाखवायला आणतात. सांगायचं पुष्कळ असतं, सुरुवात सापडत नाही. म्हणून हा धागा.

आधी साहित्य. एकरेघी कागद आणि साधं बॉलपेन. जेल पेन नको. हाताच्या घामाने किंवा डोळ्यातल्या पाण्याने शाई पसरते आणि नेमकी महत्त्वाची ओळ जाते. दीड पान पुरे, साडेतीनशे ते चारशे शब्द. टाइप करून प्रिंट काढू नका, अक्षर कितीही वाईट असो. निदान दहा दिवस आधी बसा. पहिला मसुदा नेहमी उपदेशाचा होतो, तो दोन दिवस बाजूला ठेवला की आपलं आपल्यालाच कळतं.

सुरुवात मुलात पाहिलेल्या दोन गोष्टींनी करा. 'तू गुणी आहेस' हे कुणालाही लिहिता येतं. 'आजी पडली तेव्हा तू न सांगता तिच्या खोलीत गादी टाकलीस' हे फक्त तुम्हालाच लिहिता येतं. मग तुमचा विश्वास, तोही जसा आहे तसा. प्रार्थना करायला कधी जड जात असेल तर तेही लिहा. पंधरा वर्षांच्या मुलाला बापाचा खोटेपणा पहिल्या ओळीत कळतो. त्यानंतर आशा, तीनच. बारा लिहिल्या तर एकही लक्षात राहत नाही. शेवटी या तीन आशांसाठी तुम्ही स्वतः काय करणार ते.

सगळ्यात जास्त चुकतं ते आशा आणि अपेक्षा यांत. लिहिलेलं वाक्य तपासायचं असेल तर क्रियापद कोणाचं आहे ते बघा. 'तू दर रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) गेलं पाहिजेस' यात सगळं काम मुलाचं. 'रविवारी साडेआठच्या मिस्साला मी माझ्या शेजारची जागा तुझ्यासाठी धरून ठेवीन, उशिरा आलीस तरी' यात निम्मं काम बापाचं. दुसरं वाक्य मुलं जपून ठेवतात.

पवित्र आत्म्याच्या सात दानांची यादी पत्रात उतरवू नका, ती वर्गात पाठ करून घेतलेली असते. सुज्ञता, समज, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्ती, देवाचं भय. यातलं आपल्या मुलाला कोणतं लागणार आहे ते एकच निवडा आणि का ते सांगा. 'देवाचं भय' निवडलंत तर दोन ओळी जास्त लिहा, नाहीतर मूल त्याचा अर्थ 'बाबांची भीती' असा घेतं.

ऐरोली_उपासक

सर, उपयोगी धागा. आम्ही सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचे. आमच्याकडेही दृढीकरण बिशपच देतात आणि त्याआधी वर्ग असतात. सीएनआय १९७० मध्ये वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन झाली, त्यामुळे बालबाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केल्यावरचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत. ज्या घरात मुलाने मोठेपणी बाप्तिस्मा घ्यायचा आहे तिथे हे पत्र त्या वेळी देता येईल.

वचनांबद्दल थोडं. आपल्याकडे पत्र म्हटलं की वचनांची माळ लागते. एकच द्यावं, पूर्ण संदर्भासह, आणि घरात जे पवित्र शास्त्र (बायबल) आहे त्यातल्याच शब्दांत. मूल ते शोधायला जातं आणि पानावर वेगळे शब्द दिसले की गोंधळतं. दुसरं असं की मुलाला आज्ञाधारकपणाचं वचन देण्याआधी बापाने स्वतःला लागू पडणारं वचन वाचावं. इफिसकरांस ६:१ मध्ये मुलांना आईबापांच्या आज्ञेत राहायला सांगितलंय हे सगळ्यांना पाठ. तीनच ओळी खाली, ६:४ मध्ये, बापांना सांगितलंय की मुलांना चिरडीस आणू नका. पत्रात पहिलं येतं, दुसरं कधीच येत नाही. मी म्हणतो दुसरंच लिहा, आणि खाली लिहा की मी कुठे चिरडीस आणतो ते मला सांगत जा.

कोपरखैरणे_आई

बाबा पत्रात हमखास लिहितात, 'आपण रोज रात्री एकत्र प्रार्थना करू.' महापे, ऐरोलीच्या कंपन्यांत शिफ्ट असते, घरी यायला कधी रात्रीचे अकरा, कधी पहाटेचे चार. आठ दिवसांत ते वचन मोडतं आणि पत्राचीच किंमत जाते. मग लिहायचंच नाही का?

ऐरोली_उपासक

ताई, लिहायचं, पण 'रोज' हा शब्द काढून. रोस्टर आल्यावर आठवड्यातले तीन वार ठरवा आणि तेच पत्रात लिहा. घड्याळाची वेळ ठरवू नका, घरातल्या कामाला जोडा: ताटं उचलली की, टीव्ही लागायच्या आधी. साडेनऊ ठरवलं की नऊ चाळीसला 'आज राहू दे' होतं. ताटं रोज उचलली जातातच.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात, ६:७ मध्ये, घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजता-उठता मुलांशी बोलावं असं आहे. 'मार्गाने' हे शिफ्टवाल्यांसाठी सोन्यासारखं आहे. ठाण्याहून वाशीला लोकल अर्धा तास घेते. मूल बरोबर असेल तर एक स्तोत्र आणि त्यावरचं बोलणं तेवढ्यात आरामात होतं. घरी ब्रेकमध्ये फोन करणार असाल तर स्पीकरवर करा, व्हिडिओवर नको. व्हिडिओवर मुलं स्वतःचाच चेहरा बघत राहतात.

तलावपाळी_धर्मशिक्षक

यात कॅथलिक घरांसाठी भर घालतो. पाच दशकांची जपमाळ शांतपणे म्हटली तर वीसेक मिनिटं जातात. जिथे सवयच नाही तिथे पहिल्याच दिवशी ती लावली की मुलं दुसऱ्या आठवड्यात पोटदुखी काढतात. एक दशक घ्या: 'हे आमच्या स्वर्गातील बापा' एकदा, 'नमो मारिया' दहा वेळा, शेवटी 'त्रैक्याचा गौरव' ही छोटी प्रार्थना. चार मिनिटांत होतं. त्याआधी प्रत्येकाने एका माणसाचं नाव घ्यायचं, आजचं दशक त्याच्यासाठी. वॉचमनकाका, परीक्षेला बसलेली मैत्रीण, कुणीही. मुलं इथे उघडतात. तीन महिने एकाच दशकावर राहा, वाढवायची घाई नको. सगळ्यांचे फोन फ्रिजवर, बाबांचा पहिला.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण घरची प्रार्थना मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण वेळ नसतो. कारण असतं प्रार्थनेत मारलेला टोमणा. 'देवा, हिला अभ्यासाची बुद्धी दे.' 'प्रभू, याला आईशी नीट बोलायला शिकव.' मुलाने डोळे मिटलेले असतात, हात जोडलेले असतात, त्याला उलट बोलता येत नाही. अशा दोन प्रार्थना झाल्या की ते मूल त्या खोलीत यायचं टाळतं आणि आपण म्हणतो पिढी बिघडली. रागवायचं असेल तर जेवताना रागवा. प्रार्थनेत मुलासाठी फक्त आभार किंवा आशीर्वाद.

घणसोली_सेक्टर

भाषेचं काय करावं? मुलं इंग्रजी माध्यमात, मिस्सा इंग्रजी, कॅटेकिझम (धर्मशिक्षणाचा वर्ग) इंग्रजी. घरात बोलणं मराठी, पण वाचन अडखळत.

तलावपाळी_धर्मशिक्षक

ज्या भाषेत तुम्ही रागावता आणि लाड करता त्याच भाषेत लिहा. मूल देवनागरी सावकाश वाचत असेल तर अक्षर मोठं काढा, एक ओळ सोडून लिहा, वाक्यं लहान ठेवा, जोडाक्षरांचे जड शब्द टाळा. 'आध्यात्मिक परिपक्वता' असं लिहू नका, 'देवावर भरवसा' लिहा. रोमन लिपीत मराठी तर मुळीच नको. त्यात ळ आणि ण दोन्ही हरपतात आणि पत्र व्हॉट्सॲपच्या मेसेजसारखं दिसतं. अगदीच अडत असेल तर पत्र इंग्रजीत लिहा, पण हाक आणि शेवटचा आशीर्वाद मराठीत ठेवा. तेवढं कोणतंही मूल वाचतं.

चेंदणी_ईस्टइंडियन

भाषेचा विषय निघालाच आहे तर मुळांबद्दल एक परिच्छेद पत्रात हवाच. शाळेत, कॉलेजात आपल्या मुलांना विचारतात, 'तुम्ही ख्रिश्चन ना, मग मराठी कसे?' किंवा 'इंग्रजांनी बाटवलेले का?' उत्तर ठाऊक नसेल तर मूल एकतर भांडतं किंवा गप्प बसतं, आणि गप्प बसणारं मूल हळूहळू आडनाव सांगायलाही कचरतं.

ठाण्यापुरतं सांगायचं तर १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना इथे ठाण्यात हौतात्म्य आलं. म्हणजे पोर्तुगीज यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी. इंग्रज तर फारच पुढे. आम्हा इथल्या मूळच्या मराठी कॅथलिकांचं 'ईस्ट इंडियन' हे नाव मात्र नवं आहे, १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी समाजाची संघटना निघाली तेव्हा घेतलेलं. माणसं त्याआधीपासून इथलीच: कोळी, आगरी, शेतकरी. नगर भागातून ऐरोली-नेरुळला आलेल्या प्रोटेस्टंट घरांची वाट वेगळी, ती अमेरिकन मराठी मिशनकडून येते. तिथल्या मुलांना रेव्हरंड नारायण वामन टिळक (बाप्तिस्मा १८९५) आणि केडगावच्या पंडिता रमाबाई ही नावं माहीत असावीत. मराठीत राहून, मराठीत लिहून ख्रिस्ती असण्याची ती मोठी उदाहरणं आहेत.

पण पत्रात इतिहासाचा धडा नको. घरातली एक खरी गोष्ट पुरे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याला, म्हणजे सुगीच्या सणाला, भाताच्या लोंब्या चर्चमध्ये का नेतात. लग्नात विधीसाठी उंबराचं पाणी आणायला कोण जातं. आजी हातभाकरी थापताना कुठली प्रार्थना पुटपुटते. शक्य असेल तर आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची तारीख आणि गाव लिहा. मुलाला आपण कुठल्या ओळीत उभे आहोत हे कळतं.

तलावपाळी_धर्मशिक्षक

नोंदीवरून एक कामाची गोष्ट. बाप्तिस्मा जिथे झाला त्या चर्चच्या नोंदवहीतच दृढीकरणाची आणि पुढे लग्नाची टीप लिहिली जाते. बाप्तिस्मा गावी आणि दृढीकरण इथे असेल तर इथलं कार्यालय तिकडे कळवतं, पण दोनतीन महिन्यांनी नवा दाखला मागवून टीप पडली का ते बघा. राहिली तर लग्नाच्या वेळी धावपळ होते. याच वेळी मुलाचं नाव बाप्तिस्म्याचा दाखला, शाळेचं रजिस्टर आणि आधार या तिन्हींवर एकसारखं आहे का तेही तपासा. आडनावात एका अक्षराचा फरक फार ठिकाणी असतो. दहावीच्या आधी दुरुस्त करणं सोपं, नंतर कटकटीचं.

दृढीकरणात मुलासोबत उभं राहणाऱ्या धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं विचारतात म्हणून: वय सोळा पूर्ण, स्वतःचं दृढीकरण झालेलं, आणि मुलाचे आईवडील चालत नाहीत. बाप्तिस्म्याच्या वेळचेच असतील तर उत्तम.

चरई_वकील

सर, कच्च्या मसुद्यांमध्ये 'हे घर तुझंच आहे' असं वाक्य दिसलं तर कृपया काढायला लावा. प्रेमाने लिहिलेलं असतं, पण दोन भावंडं असतील तर वीस वर्षांनी तोच कागद भांडणात पुढे येतो. भावंडं एकत्र राहावीत ही प्रत्येक बापाची आशा. तिच्यासाठी पत्र पुरत नाही, मृत्युपत्र लागतं.

आपल्याला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू आहे. कॅथलिक, सीएनआय, पेंटेकोस्टल, सगळ्यांना सारखाच. (गोव्यातल्या मालमत्तेचं वेगळं आहे, ते इथे घेत नाही.) मृत्युपत्र नसेल आणि मागे पत्नी व मुलं असतील तर एक तृतीयांश पत्नीला, दोन तृतीयांश मुलांमध्ये समान. मुलगा-मुलगी भेद नाही. घोडबंदर रोडचा ९० लाखांचा फ्लॅट, मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी: तिघांना ३०-३० लाख. पुष्कळ घरांत अजून समज आहे की घर मुलाचं आणि मुलीला लग्नात दिलं ते तिचं. कायदा तसं म्हणत नाही.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही द्यायचंय त्याला किंवा त्याच्या नवरा-बायकोला साक्षीदार करू नका. केलंत तर त्याला दिलेलं तेवढं रद्द होतं. मेहुण्याला साक्षीला बसवून त्याच्याच बायकोला दागिने लिहून देणं, ही नेहमीची चूक. सोसायटीतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी त्याला तात्पुरता सभासद करते, मालकी वारसांकडे किंवा मृत्युपत्राप्रमाणे जाते. आणि लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्नाने आपोआप रद्द होतं. पत्नी वारल्यावर दुसरं लग्न करणाऱ्या वडिलांनी हे लक्षात ठेवलंच पाहिजे, नाहीतर पहिल्या मुलांसाठी केलेली तरतूद उडते.

लहान मुलांच्या वडिलांसाठी सर्वांत महत्त्वाचं त्याच कायद्याचं कलम ६०. वडिलांना मृत्युपत्राने अज्ञान (सज्ञान न झालेल्या) मुलांसाठी पालक नेमता येतो. आई हयात असेल तर मुलं तिच्याकडेच आणि दोघंही नसतील तर अमुक व्यक्तीकडे, असं स्पष्ट लिहा. कलमात उल्लेख वडिलांचाच आहे, तरी आईनेही आपल्या मृत्युपत्रात तेच नाव लिहावं, म्हणजे न्यायालयापुढे दोघांची इच्छा एकच दिसते. धर्मपिता आपोआप पालक होतो हा मोठा गैरसमज आहे. चर्चमधलं नातं पवित्र, पण कायद्याने त्याला ताबा मिळत नाही. त्यालाच नेमायचं असेल तर विचारून, नाव लिहून नेमा.

घणसोली_सेक्टर

वकीलताई, सर, एक अवघड विचारतो. 'लग्न आपल्यातच कर' ही आशा लिहावी का? बहुतेक वडिलांच्या मनात तीच पहिली असते.

चरई_वकील

कायद्याचं मी सांगते. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ प्रमाणे दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चर्चमध्ये लग्न होऊ शकतं. नाहीतर विशेष विवाह कायदा, १९५४, त्यात ३० दिवसांची नोटीस. मुलगी १८, मुलगा २१. म्हणजे त्या वयानंतर बापाची परवानगी कायद्याला लागत नाही, हे गृहीत धरूनच पत्र लिहावं.

तलावपाळी_धर्मशिक्षक

कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदाराशी लग्नासाठी विशेष सूट लागते, ती फादरांकडे अर्ज करून मिळते. जोडीदाराने धर्म बदलावा अशी अट नसते. कॅथलिक बाजूने आपला विश्वास टिकवायचं आणि मुलांना त्यात वाढवायला शक्य ते सगळं करायचं वचन द्यायचं असतं, आणि ते दुसऱ्या बाजूला सांगितलेलं असतं. हे घरात माहीत नसल्यामुळे मुलं फादरांकडे जायच्या आधीच सगळं लपवू लागतात.

आशा लिहायची तर खरी लिहा. एकाच वेदीसमोर तुम्ही दोघं गुडघे टेकलेले बघायला आवडेल, असं बापाला वाटत असेल तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण लगेच पुढची ओळ लिहा: ज्याला कुणाला तू घरी आणशील त्याला आम्ही दारात उभं ठेवणार नाही, आणि सगळ्यात आधी तू मला सांग. ही ओळ नसेल तर वरची धमकी वाटते. ही ओळ लिहायची तयारी नसेल तर विषयच काढू नका, पंधराव्या वर्षी त्याची गरजही नसते.

नेरुळ_पामबीच

हल्ली एआयला सांगितलं की सुंदर पत्र लिहून देतं. ज्यांना जमत नाही त्यांनी तेवढी मदत घेतली तर काय हरकत?

ऐरोली_उपासक

मुलं शाळेचे निबंध त्यातूनच लिहितात, त्यांना ती भाषा आपल्याआधी ओळखू येते. 'माझ्या लाडक्या कन्ये, जीवनाच्या या प्रवासात' वाचलं की मूल कागद घडी करून ठेवतं. जमत नसेल तर आधी बोला आणि कुणाला तरी उतरवून घ्यायला सांगा, मग स्वतःच्या अक्षरात काढा. चुका राहू देत. नव्या साधनांबद्दल मुलाशी बोलायचंच असेल तर आशा म्हणून इतकंच पुरे: जे तू केलं नाहीस ते माझं म्हणू नकोस. मीखा ६:८ मध्ये न्यायाने वागणं, दया आवडणं आणि नम्रपणे चालणं मागितलंय. नोकऱ्या कितीही बदलल्या तरी ही मागणी बदलत नाही.

कोपरखैरणे_आई

शेवटचं विचारते. मूल म्हणालं, मला दृढीकरण नकोच, माझा विश्वास नाही, तर? पत्र द्यायचं का?

तलावपाळी_धर्मशिक्षक

ताई, नक्की द्यायचं, आणि त्याच दिवशी. दृढीकरणात बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण मुलाने स्वतःच्या तोंडाने करायचं असतं. आईबापांनी बाप्तिस्म्यात त्याच्या वतीने 'हो' म्हटलं, इथे त्याचं तोच म्हणतो. धाकाने म्हणायला लावलेल्या 'हो'ला अर्थ नाही. फादरांशी बोला, एक वर्ष पुढे ढकला. वयाची वरची मर्यादा नाही, मोठी माणसंही दृढीकरण घेतात. नातेवाइकांना आमंत्रणं गेली, हॉल ठरला, फुग्यांची ऑर्डर दिली म्हणून उरकून घेऊ नका. अशा वेळी पत्रातली पहिली आशा अशी असू शकते: तुला पटत नाही ते तू मला तोंडावर सांगितलंस, हे असंच राहू दे. मूल प्रश्न विचारतंय तोवर ते घरातच आहे. बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला बाप मुलगा दूर असतानाच त्याला ओळखतो, म्हणजे तो रस्त्याकडे बघत होता.

मसुदे दाखवायचे असतील त्यांनी पुढच्या रविवारी मिस्सानंतर आणा. नाही दाखवले तरी चालेल. पाकीट बंद करून, वर मुलाचं पूर्ण नाव आणि वर्गाचा गट लिहून शुक्रवारपर्यंत द्या. घरातलं लाडाचं नाव पाकिटावर लिहू नका, पाकिटं सगळ्यांसमोर नाव पुकारून वाटतात. ते आत, पहिल्या ओळीत लिहा.